विमान शिकवणारे परुळकर

आडनाव ऐकलं की आधी गाव शोधायचं, ही आमच्याकडची जुनी खोड. बांदेकर भेटले की बांदा, पेडणेकर भेटले की पेडणे. मी माहेरची निपाणीची, पण लग्न होऊन फोंड्याला आले त्याला तीस वर्षं होऊन गेली, तेव्हा ही खोड मलाही पुरती लागली आहे. परुळकर म्हटलं की मला परुळं दिसतं. वेंगुर्ले तालुक्यातलं, आदिनारायणाच्या देवळाचं. सूर्याचं देऊळ आपल्या भागात विरळच, म्हणून एकदा मुद्दाम जाऊन आलो होतो. तेव्हा तिथल्या माळावर गुरं चरत होती. आता त्याच परुळे-चिपीच्या माळावर विमानतळ आहे, २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. आमच्या पेडण्यात मोपालाही २०२३ च्या जानेवारीपासून विमानं उतरू लागली. दाबोळी तर होतीच. त्यामुळे विमानाचा आवाज आला की अंगणात धावायचे दिवस संपले. आमच्या घरात आता एकच माणूस अजून धावतं, ती माझी पुतणी.

धाकट्या दिरांची ही मुलगी. एकत्र घर, खाली वरच्या बाजारातलं दुकान नि वर आम्ही सगळे, त्यामुळे ती कुणाची हे विचारायची सोय नाही. मला ‘मोठी आई’ म्हणते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमा होऊन दोन दिवस झाले असतील, ती मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “मोठी आई, परुळकर गेले.”

मला आधी वाटलं ओळखीतलंच कुणी. मग कळलं, ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर. १० ऑगस्ट २०२५ ला, रविवारी, पुण्यात गेले. वय ब्याऐंशी. वायुसेनेनं श्रद्धांजली वाहिली, वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या. सगळ्या बातम्यांचा मथळा साधारण एकच: पाकिस्तानच्या कैदेतून निसटलेला वैमानिक. ते बरोबरच आहे, गोष्ट आहेच तशी. पण पोरीनं ती बातमी मला दोनदा वाचून दाखवली, आणि दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर थांबली. हैदराबादजवळच्या वायुसेना अकादमीत ते दोन वर्षं उड्डाण प्रशिक्षक होते, आणि पुढे खडकवासल्याच्या एनडीएत बटालियन कमांडर. “म्हणजे ते शिकवायचे,” ती म्हणाली. एवढंच. मी भाकरी थापत होते, मान हलवली. पण ती ओळ माझ्याही डोक्यात बसली ती बसलीच.

त्याचं कारण आमच्या घरात चाललेलं होतं. पोरगी बारावीला, आणि तिला एनडीएचा फॉर्म भरायचा होता. वायुसेनेसाठी. माझ्या जाऊबाईंनी अन्नपाणी वर्ज्य करायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. “आपल्या घरात कंदमूळ शिजत नाही, दिवा लावला की जेवण नाही, आणि ही बंदूक धरणार!” हे दिवसातून दोनदा. दीर काही बोलत नसत, हिशेबाच्या वहीत डोकं. आणि दोघी मायलेकी आपापल्या वेळी माझ्याकडे यायच्या. एक म्हणे, तिला समजवा. दुसरी म्हणे, आईला समजव. मधे बसलेल्या बाईचं काय होतं ते तुम्हां बायकांना मी वेगळं सांगायला नको.

तर मी वाचायला घेतलं. इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या बाईला दुसरं काय सुचणार!

गोष्ट सांगायलाच हवी, कारण नव्या मुलींना ती ठाऊक नसते. परुळकर १९६३ च्या मार्चमध्ये वायुसेनेत दाखल झाले. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानाला शत्रूचा मारा लागला, त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. विमान सोडून उडी घे, असा सल्ला त्यांच्या वरिष्ठांनी दिला होता. त्यांनी ते जखमी विमान तसंच परत आणलं. त्याबद्दल वायुसेना पदक मिळालं. मग १९७१. डिसेंबरच्या १० तारखेला झफरवालच्या बाजूला त्यांचं सुखोई-७ पाडलं गेलं, हवाई छत्रीनं उतरले ते शत्रूच्या मुलखात. तिथून रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत. आपले बारा वैमानिक होते तिथे. विंग कमांडर कोएल्हो त्यांतले सर्वांत वरिष्ठ. एक कामत होते, पाय मोडलेले. एक मुल्ला-फिरोज. नावं वाचताना वाटलं, आपल्या दुकानासमोरून रोज जाणारी माणसं आहेत.

युद्ध तर डिसेंबरातच संपलं होतं. पण कैद्यांची सुटका काही होईना. महिने जाऊ लागले. परुळकरांनी पकडले जाण्याच्या कितीतरी आधी आपल्या एका वरिष्ठांना बोलून दाखवलं होतं म्हणे, की मी कधी कैदी झालो तर पळून येईन. माणसं बोलतात तसं बोलतात. हे गृहस्थ ते विसरले नाहीत. छावणीत मिळणाऱ्या भत्त्यातले पैसे साठवले. सुया चुंबकानं घासून होकायंत्र तयार झालं, ते काम कामतांचं. वैमानिकाच्या उड्डाणपोशाखातल्या रबरी पिशव्यांची पाण्याची पखाल झाली. खोलीच्या भिंतीच्या विटा सुऱ्या-कात्र्यांनी कोरल्या, रात्री थोड्या थोड्या. १२ ऑगस्ट १९७२ च्या पावसाळी रात्री त्या भोकातून तिघे बाहेर पडले: परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी.

आपल्याकडे म्हणजे भारताकडे न येता ते उलटे गेले. पूर्वेच्या सरहद्दीवर सैन्याची गर्दी आणि सुरुंग, म्हणून पश्चिमेला. बसनं पेशावर, तिथून खैबर खिंडीच्या वाटेनं लंडी कोतल. अफगाणिस्तानची हद्द तिथून चार मैलांवर. फेथ जॉन्स्टन या बाईंनी या सगळ्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलंय, २०१३ चं, त्याच्या नावातच हे चार मैल आहेत.

आणि इथे ती गोष्ट फसते. लंडी खाना नावाच्या रेल्वे स्टेशनाकडे कसं जायचं, असं त्यांनी एका टपरीवर विचारलं. ते स्टेशन १९३२ सालीच बंद झालेलं! चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनाचा पत्ता विचारणारे तिघे परके तरुण. त्या दिवसांत बांगलादेश झाल्यामुळे पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक याच वाटेनं पळून जायला बघत. हे तेच असणार असं समजून त्यांना धरलं. त्या टोळीवाल्या मुलखात धरलेल्या माणसाचं काय होईल याचा भरवसा नव्हता. तेव्हा परुळकरांनी एक मागणी केली. पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला फोन लावून द्या.

हा एडीसी म्हणजे स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. आधी रावळपिंडीच्या त्याच छावणीचा प्रमुख होता. आपल्या कैद्यांशी माणसासारखा वागलेला. पहिल्या नाताळाला, आतापर्यंत एकेकटे कोंडलेले हे सगळे प्रथमच एकत्र बसले, तेव्हा केक आणणारा. फोन त्याला लागला. त्यानं सांगितलं, होय, हे आमचे कैदी आहेत, त्यांना धक्का लावू नका.

मी हा भाग वाचला तेव्हा भाद्रपद लागला होता. आमचं दशलक्षण पर्व तोंडावर आलं होतं, आणि त्याचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा. दरवर्षी आपण क्षमेवर प्रवचन ऐकतो, मान डोलावतो, आणि पर्व संपल्यावर जिच्याशी बोलत नाही तिच्याशी तसंच बोलत नाही. त्या वर्षी प्रवचन ऐकताना मला सारखा तो फोन ऐकू येत होता. ज्याच्या कैदेतून पळालो त्यालाच हाक मारायची, आणि तो धावून येईल असा विश्वास वाटायचा! दोघांपैकी कुणाचं मन मोठं म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण आठ महिन्यांच्या कैदेत त्या दोघांनी एकमेकांना नीट पाहून ठेवलं होतं, हे नक्की.

पुढचं थोडक्यात. सगळ्यांना लायलपूरच्या तुरुंगात हलवलं. १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून सगळे भारतात परत आले. परुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळालं.

जाऊबाईंना मी ही गोष्ट दळण निवडताना सांगितली. त्यांनी सगळी ऐकली, मधेमधे “बाई गं” म्हणाल्या आणि शेवटी विचारलं, “मग उपयोग काय झाला? साडेतीन महिन्यांनी सोडणारच होते.”

माझ्या जाऊबाई सातवीच्या पुढे शिकल्या नाहीत. पण प्रश्न असा विचारतील की उत्तर देणाऱ्याला घाम फुटावा. खरंच आहे. धावाधाव, भिंत, पाऊस, आणि शेवटी पुन्हा कैदच. मी तेव्हा एवढंच म्हटलं की सोडणार आहेत हे त्यांना कुठे माहीत होतं? आठ महिने झाले तरी कुणी तारीख सांगत नव्हतं. माणूस आपल्या हातात आहे तेवढं करतो. जाऊबाई म्हणाल्या, “हं.” त्यांचं ‘हं’ म्हणजे पटलं नाही, पण भांडत नाही.

पण मला बोलायचंय ते पळून जाण्याबद्दल नाही. त्याच्यावर पुस्तक आहे, सिनेमाही निघाला. मला बोलायचंय त्या एका ओळीबद्दल. असा माणूस परत येतो, आणि एक दिवस त्याला विमान चालवायला नाही तर शिकवायला बसवतात. वीस-बावीस वर्षांचं पोरगं, मिसरूड फुटलेलं, त्याच्या हातात विमान द्यायचं आणि आपण नुसतं बसायचं. हे कसं जमत असेल?

पोरीला शिकाऊ विमानाची सगळी माहिती पाठ. तिनं मला पोळपाट-लाटणं मांडून समजावून दिलं. या विमानात सगळं दुहेरी असतं. शिकणाऱ्यापुढे एक दांडा, शिकवणाऱ्यापुढे दुसरा, दोघांच्या पायांशी सुकाणूच्या पट्ट्या. दोन्ही दांडे आतून जोडलेले. एकानं डावीकडे लववला की दुसऱ्याचाही आपोआप डावीकडे लवतो. म्हणून कुणाच्या हातात विमान आहे हे तोंडानं बोलून ठरवायचं. प्रशिक्षक म्हणतो, “यू हॅव कंट्रोल्स”, आणि शिकणाऱ्यानं तसंच मोठ्यानं उत्तर द्यायचं, आता माझ्याकडे आहे म्हणून. दोघांना वाटलं दुसरा चालवतोय, तर विमान कुणीच चालवत नाही. दोघांनी एकदम धरलं तरी घात. म्हणून बोलायचं. धरताना बोलायचं, सोडताना बोलायचं.

मी हसले. माझ्या सासूबाई, देव त्यांना सद्गती देवो, तव्यावरची पोळी फुगायला लागली की न बोलता हातातलं उलथनं काढून घ्यायच्या. पोळी कधी करपली नाही हे खरं. पण मला पोळी यायला लागली ती त्या सहा महिने मुलीकडे हुबळीला गेल्या तेव्हा! जाऊबाईंनाही हा अनुभव आहे, त्याही हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या विमानाच्या गोष्टीला हसल्या.

पण थट्टा सोडा. आकाशात उलथनं काढून घ्यायला उशीर झाला तर दुसरी पोळी लाटायला कुणी उरत नाही. आणि फार लवकर काढून घेतलं तर पोरगं शिकत नाही. विमान उतरवताना जमीन जवळ येते, नाक केव्हा वर घ्यायचं हे शिकणाऱ्याला कळत नाही, तो जरा लवकर घेतो किंवा जरा उशिरा. शेजारी बसलेल्याला ते दिसत असतं. त्याचा हात दांड्याजवळ असतो, दांड्यावर नसतो. ती जी मधली बोटभर जागा आहे ना, तिथे त्याची सगळी विद्या. चुकू द्यायचं, पण किती? चूक त्यानं स्वतः सुधारावी एवढा वेळ द्यायचा, पण मरणाला द्यायचा नाही. हे पुस्तकात लिहून येत नसावं. वायुसेनेत यासाठी वेगळी शाळा आहे, चेन्नईजवळ तांबरमला. चांगले वैमानिक निवडून त्यांना तिथे शिकवायला शिकवतात. मला हे वाचून फार बरं वाटलं. शिकवणं ही वेगळी विद्या आहे, आपल्याला येतं म्हणजे शिकवता येतं असं नाही, हे एवढ्या मोठ्या खात्यानं मान्य करून त्यासाठी शाळा काढली! आपण घरात हे कधी मान्य करतो? मुलीला म्हणतो, बघून बघून शिक.

मग एक दिवस येतो, सोलोचा. पहिलं एकट्याचं उड्डाण. प्रशिक्षक बरोबर एक-दोन फेऱ्या मारतो, विमान उतरतं आणि तो आपले पट्टे सोडून खाली उतरतो. उतरताना रिकाम्या खुर्चीचे पट्टे नीट आवळून ठेवतो, ते सुटून दांड्यात अडकू नयेत म्हणून. दार लावतो. मग बाजूला उभा राहतो. विमान जातं. पाच-सात मिनिटांची फेरी असेल. त्या वेळात खालच्या माणसाला करण्यासारखं काही नसतं, वर बघत राहण्याशिवाय.

त्या रिकाम्या खुर्चीचे पट्टे आवळण्यावर माझं मन अडकलंय. मुलीला सासरी पाठवताना, मुलाला बंगळूरच्या बसमध्ये बसवताना आपण काय करतो? डब्याचं झाकण पुन्हा दाबून बघतो, पिशवीची चेन ओढून बघतो. आपली जागा रिकामी होणार आहे, तिचा तिला अडथळा होऊ नये, म्हणून. परुळकरांनी किती पोरांना असं सोडलं असेल दोन वर्षांत! त्यातले कितीजण आज सत्तरीच्या घरात पोचलेले असतील. ज्यानं स्वतः उडी मार म्हणून सांगितलेलं असताना जखमी खांद्यानं विमान परत आणलं, त्यानं पोरांना काय सांगितलं असेल, मी असं करा की तसं करू नका? मी विचारलं असतं. पण माझी शंका अशी की असा माणूस स्वतःची गोष्ट सांगत बसला नसेल. शिकाऊ विमानात शिकणाऱ्याची गोष्ट चालू असते.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर माझ्या वाचक बायका म्हणतील, ही बाई भारावली. मी भारावलेली नाही. १० डिसेंबरला परुळकर झफरवालकडे गेले ते हवा खायला गेले नव्हते. सुखोई-७ हे जमिनीवर मारा करणारं विमान. खाली माणसं होती. मी पाणी गाळून पिणारी बाई आहे, पावसाळ्यात पालेभाजी घरात आणत नाही, माझ्या हातून हे सहज कसं ओलांडलं जाईल? जाऊबाईंचं म्हणणं मुळात हेच, फक्त त्या ते बंदुकीच्या भाषेत बोलतात.

आपल्या धर्मानं याचा विचार केलेला नाही असं नाही. गृहस्थाच्या बाबतीत हिंसा चार तऱ्हेची सांगितली आहे. ठरवून, हौसेनं केलेली ती संकल्पी, तिला गृहस्थालाही माफी नाही. घरकामात होणारी आरंभी, धंद्यात होणारी उद्योगी, आणि अंगावर आलेल्याला थोपवताना होणारी विरोधी. या तीन गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाहीत, कमी करायच्या. मी हे पोरीला बांदिवड्याच्या जुन्या बसदीपाशी सांगितलं. आमच्यापासून जवळच, नागेशीच्या बाजूला. चिऱ्याच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. डिचोलीकडे कुडण्यालाही असंच एक पडकं जिनमंदिर आहे. गोव्यात आपली माणसं नवी नाहीत, एवढं त्या भिंती सांगतात. तिथे बसून मी तिला म्हटलं, श्रवणबेळगोळची मूर्ती आपण बघून आलो ती कुणी उभी केली? चावुंडरायानं. तो कोण? गंग राजांचा मंत्री आणि सेनापती. लढाया केलेला माणूस. त्याच मूर्तीच्या पायाशी मराठीतल्या जुन्यात जुन्या शिलालेखांपैकी एक आहे, नाव त्याचंच. आणि मूर्ती कुणाची उभारली? बाहुबलीची, म्हणजे युद्ध जिंकून सगळं सोडून उभा राहिला त्याची. सेनापतीला तोच आवडला, याचा विचार कर.

ती म्हणाली, “म्हणजे जाऊ का नको?”

मी म्हटलं, “मी परीक्षा घेत नाही, गोष्ट सांगतेय.”

विरोधी हिंसेचा आधार देऊन मी तिला मोकळी सोडली असं कुणी समजू नये. त्या शब्दाची ढाल फार सोपी आहे, आणि जगातलं प्रत्येक सैन्य म्हणतं की समोरचाच आधी अंगावर आला. मला आधार वाटला तो त्या फोनचा, नाताळच्या केकचा, आणि दांड्याजवळच्या त्या हाताचा. ही माणसं लढाईत असूनही सगळीच्या सगळी लढाईची झाली नव्हती.

आमच्या सासूबाई १९६१ चं सांगायच्या. गोवा मुक्तीच्या वेळी पाखल्यांनी जाताना बोरीचा पूल उडवला, आणि दाबोळीवर आपल्या विमानांनी बाँब टाकले. त्या तेव्हा नव्या नवरी. विमानांचा आवाज ऐकून घरातल्या बायका पिठाच्या डब्यांमागे बसल्या. आपली विमानं की त्यांची, कुणाला कळेना. “आवाजाला काय देश असतो?” असं त्या म्हणत. मुक्ती झाली म्हणून पेढे वाटले, ते वेगळं. पण आवाज आठवला की हात कानावर जायचे. मी हेही पोरीला सांगितलंय. तू वर असशील तेव्हा खाली डब्यांमागे कुणीतरी बसलेलं असेल. हे ठाऊक असलेलं माणूस विमानात बसावं की बसूच नये? मला वाटतं, बसावं. ठाऊक नसलेली तर बसतातच.

डिसेंबरमध्ये फॉर्म निघाला. सोळा वर्षं सहा महिन्यांपासून साडेएकोणीसपर्यंत वय, वायुसेनेला बारावीत गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवं. मुलींना ही दारं उघडली ती २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं, आणि मुलींची पहिली तुकडी, सतराजणींची, २०२५ च्या मे महिन्यात खडकवासल्याहून बाहेर पडली. पोरीनं तो संचलनाचा व्हिडिओ आईला दाखवला. जाऊबाईंनी पूर्ण बघितला आणि विचारलं, “केस कापावे लागतात का गं?” तोवर इतके महिने त्यांनी एकही साधा प्रश्न विचारला नव्हता. मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि भांड्यांचा आवाज बंद केला.

वैमानिकाची निवड आणखी कठीण. लेखी परीक्षा नऊशे गुणांची, मुलाखतही तेवढ्याच गुणांची, आणि विमान चालवण्याच्या कलाची एक वेगळी चाचणी, ती आयुष्यात एकदाच. त्यात नापास झालं की पुन्हा नाही. हे ऐकल्यावर दीर प्रथमच वहीतून डोकं काढून म्हणाले, “एकदाच? आमच्या धंद्यात बरं, रोज नापास झालं तरी शटर उघडता येतं.” फॉर्मचे पैसे कुणी भरायचे हा प्रश्नच नव्हता, मुलींना शुल्क नाही. तरी त्यांनी खिशातून शंभराची नोट काढून तिच्या हातावर ठेवली. कशाबद्दल ते बोलले नाहीत.

आता ती पहाटे उठून फर्मागुढीचा चढ धावत चढते. सोबतीला म्हणून मी स्कूटर घेऊन मागे जाते. पहिले काही दिवस अगदी लगटून चालवत होते. ती थांबून म्हणाली, “मोठी आई, तुझ्या दिव्यात मला माझीच सावली दिसते, पुढचं दिसत नाही.” तेव्हापासून वळणावर, जांभळाखाली थांबते. वर पोचली की ती हात करते.

निवड होईल की नाही, कुणास ठाऊक. घरात सध्या वेगळीच चिंता चालू आहे. खडकवासल्याला कांदा-लसणाशिवायचं मिळतं का, आणि सूर्यास्ताआधी जेवण देतात का, याची चौकशी जाऊबाईंनी लावून धरलीय. पुण्याला राहणाऱ्या चुलत मामेभावाला तिनदा फोन झाले. दोन वेळा त्यानं उचलला नाही.